चार मिनिटांचा नाच

“आता संडास धुणारी बाई आपल्याला कल्चर दाखवणार,” माझ्या मागे कुणीतरी मराठीत म्हणालं.

“हळू बोल ना.”

“अरे, इथे कोणाला कळतंय?”

“ही आहे की पुढे.”

“ही?” बोलणारे हसले. “ही कुठे बोलते!”

सकाळचे पावणेनऊ झाले होते. अॅमस्टरडॅममध्ये बुइटनव्हेल्डर्टला लागून काचेच्या उंच इमारती आहेत, त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर आम्ही शंभरेक लोक गळ्यात ओळखपत्रं अडकवून उभे होतो. लिफ्टकडे जायची वाट अडली होती. वाटेत संगमरवरी फरशीवर एक जुना लाकडी दरवाजा आडवा टाकलेला होता, आणि त्या दरवाजावर पन्नाशीच्या आसपासची एक बाई सफाईचा निळा एप्रन घालून फ्लेमेंको नाचत होती. गिटार नव्हती, गाणारं कुणी नव्हतं. मागे अर्धगोलात चौदा सफाई कामगार बायका पिवळे रबरी हातमोजे घालून टाळ्या वाजवत होत्या. रबराची टाळी वाजत नाही, नुसती धप् होते. चौदा जणींची धप् एका लयीत पडत होती आणि ती कानाला नाही, पोटात जाणवत होती.

मागे बोलत होते ते आमचे टीम लीड, टीममधल्या एका मराठी सहकाऱ्याशी. पुण्याचे, माझ्या दोन वर्षं आधी इकडे आलेले. “इथे सर वगैरे नको, सरळ नावाने हाक मार,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते कधी जमलं नाही. आता इतक्या वर्षांनी, इतका राग असूनही, लिहिताना त्यांना ‘ते’च म्हटलं जातंय.

पण मला त्यांच्याबद्दल लिहायचं नाही. दरवाजावर नाचत होती तिच्याबद्दल लिहायचंय.

मी त्या इमारतीत प्रोग्रामर होते. दोन हजार पाचचा हिवाळा आणि सहाचा वसंत. रोज सकाळी सातच्या आत ऑफिसात पोचायचे. कामाची हौस म्हणून नव्हे. नऊला आलं की लिफ्टमध्ये सहा-सात जण असतात आणि त्यातलं कुणीतरी वीकेंड कसा गेला ते विचारतं. मला उत्तर सुचेपर्यंत मजला येतो. आमच्या शाळेत इंग्रजी बोलायला शिकवलं, मराठी बोललं तर दंड केला, पण काय बोलायचं ते शिकवायचं राहून गेलं. दर अप्रेझलमध्ये माझ्याबद्दल एकच वाक्य यायचं: काम उत्तम, मीटिंगमध्ये बोलत नाही.

अशा एका सकाळी चौथ्या मजल्यावर बायकांच्या टॉयलेटमधून ठोकल्यासारखा आवाज येत होता. पाइप दुरुस्त करत असतील म्हणून डोकावले. एक बाई दोन्ही हात बेसिनमध्ये घालून ते घासत होती आणि तिचे पाय, जाड तळव्यांच्या कामाच्या बुटांतले, स्वतंत्रपणे काहीतरी वेगळंच करत होते. टाच, चवडा, टाच, मग इतक्या भराभर की मोजता येईना. बेसिन झालं तसे पाय थांबले. तिने मला आरशात पाहिलं.

“तू पायांकडे बघतेस,” ती इंग्रजीत म्हणाली. तिचं इंग्रजी डचमधून आलेलं होतं आणि डच स्पॅनिशमधून. “बाकीचे बादली ओलांडून जातात. बुधवारी संध्याकाळी ये.”

पत्ता तिने ओल्या बोटाने आरशावर लिहिला. मी तो वाचला न वाचला तोच तिने आरसा पुसला. आरसा ती सगळ्यात शेवटी पुसायची. बाकी सगळ्या बायका आरशापासून सुरुवात करत. “आधी आरसा पुसला तर घासताना स्वतःचं तोंड स्वच्छ दिसतं,” ती सांगायची. “सकाळी सहाला ते कुणाला बघायचंय?”

बुधवारचा तिचा क्लास वस्तीच्या ब्यूर्टहाउसमध्ये भरायचा. ब्यूर्टहाउस म्हणजे आपल्याकडचं समाजमंदिर: कॅरम, शिवणवर्ग, म्हाताऱ्यांची कॉफी आणि एक लाकडी जमिनीचा हॉल. फ्लेमेंको म्हटल्यावर मी झालरींचा लाल झगा, केसांत गुलाब, हातात चिपळ्यांसारखं काहीतरी वाजवणं अशी कल्पना केली होती. तिच्या क्लासमध्ये यातलं काहीही आणलेलं चालत नसे. मी गेले त्याच संध्याकाळी तिने एका डच बाईला केसांत कापडी गुलाब लावून आली म्हणून दाराबाहेर काढलं. बाई बिचारी रडकुंडीला आली. “माझ्या नवऱ्याने दिलाय,” म्हणाली.

“मग त्याच्यासमोर नाच,” ही म्हणाली. “इथे फुलदाण्या घेत नाही.”

ती वागायला अजिबात गोड नव्हती. कच्चा लसूण खायची आणि जवळ येऊन बोलायची. टाळ्या वाजवणाऱ्यांना ओरडायची. कुणी नाच ‘सुंदर’ म्हटला की तिचा चेहरा पडायचा आणि ती विचारायची, “कुठे चुकलं?” कुणी हवेबद्दल बोलायला लागलं तर ती खिडकीकडे जाऊन खरंच बघायची, परत येऊन म्हणायची, “हो, आहे हवा,” आणि संभाषण संपायचं. त्या देशात असं करणं म्हणजे माणसं तोडणंच. नाच म्हणजे तक्रार, असं तिचं सरळ मत होतं. ज्याला तक्रार नाही त्याने पोहायला जावं. आणि तक्रार तालात करावी, बेताल तक्रार ऐकून घ्यायला कुणी बांधील नाही.

मी लहानपणी चार वर्षं कथक शिकले होते. एकदा धीर करून तिला सांगितलं की आमच्याकडे लोक म्हणतात, तुमचं फ्लेमेंको मूळचं आमच्याकडूनच आलं.

“आलं असेल,” ती म्हणाली. “बटाटाही समुद्रापलीकडून आला. म्हणून सोलताना त्यांना विचारायचं का?”

माझे पाय तिने दोन बुधवार पाहिले आणि मला टाळीवर बसवलं. फ्लेमेंकोत टाळ्या दोन जातीच्या असतात. एक उघडी, बोटांनी तळव्यावर मारलेली, चाबकासारखी. दुसरी दोन्ही तळवे पोकळ करून दिलेली, दबकी. तिला ते लोक ‘बहिरी टाळी’ म्हणतात. मला बहिरी पहिल्याच दिवशी आली. उघडी आलीच नाही. माझा हात ऐनवेळी आपोआप पोकळ व्हायचा. बारा मात्रांचं आवर्तन, पण त्यांची मोजणी एकपासून नाही, बारापासून सुरू होते. बारा, एक, दोन. जिथे संपतं तिथूनच ते लोक सुरू करतात. मला ते आवडलं होतं.

आता तो दरवाजा. तिचा बाप दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातून इकडच्या एका कारखान्यात मजूर म्हणून आला होता. कारखान्याच्या आवारातल्या लाकडी बराकीत एका खोलीत आठ पुरुष राहत. ती सहा वर्षांची असताना आईबरोबर त्याच बराकीच्या शेवटच्या खोलीत आली. पुढे बराक पाडायला घेतली तेव्हा ती पाना घेऊन गेली आणि बिजागऱ्या खोलून आपल्या खोलीचा दरवाजा काढून आणला. त्यावर पितळी नऊचा आकडा अजून होता. कुलपाच्या भोकापाशी लाकूड पोकळ होतं, तिथे टाच मारली की वेगळा, खोल आवाज यायचा. प्रत्येक आवर्तनातली बारावी मात्रा ती तिथे मारायची. पुढे लाकडी पेटी लावलेली तिची एक सायकल होती, तिथल्या आया मुलं बसवून नेतात तसली. त्या पेटीत दरवाजा तिरका उभा करून ती शहरभर फिरायची. वारा असेल तर शीड लागल्यासारखी सायकल भलतीकडे जायची आणि ती वाऱ्याला स्पॅनिशमध्ये शिव्या घालायची.

ब्यूर्टहाउसच्या लाकडी जमिनीवर कार्पेट घालायचं नगरपालिकेने ठरवलं तेव्हा ती तक्रार करायला गेली. तिने मलाही बरोबर नेलं. मला डच येत नव्हतं, बोलणं काय झालं ते तिने मला मागाहून सांगितलं. तिथे मशीनमधून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि खुर्चीवर बसायचं. तिने चिठ्ठी घेतली, सगळ्यांच्या समोर उभी राहिली आणि नाचायला लागली. हळू, जागच्या जागी, चिठ्ठी दोन बोटांत धरून. बोर्डावर नंबर बदलला की ती एक गिरकी घ्यायची आणि पुन्हा सुरू. सुरक्षारक्षक आला.

“बाई, बसून घ्या.”

“मी रांगेत आहे.”

“रांगेत बसायचं असतं.”

“कुठे लिहिलंय?”

तो खरोखर भिंतीवरचे नियम वाचायला गेला. डच माणूस तो, नियम असेल तर दाखवणारच. नियम नव्हता. एक्केचाळीस मिनिटं ती नाचली. पहिल्यांदा लोक हसले, मग अवघडले, मग कडेवर मूल असलेल्या एका सोमाली बाईने बसल्या बसल्या पायाने ठेका धरला आणि तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याने काठीने. आपला नंबर आल्यावर ही खिडकीशी गेली आणि घामाघूम अवस्थेत म्हणाली, “कार्पेटवर हे ऐकू येणार नाही.” कार्पेट आलं नाही. मी कोपऱ्यात दोघींचे कोट धरून उभी होते आणि जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं मला वाटत होतं.

तिच्यासारखं व्हावं असं मला कधी वाटलं नाही. ती होती तिथे आपण असावं, एवढंच वाटायचं.

आता माझा भाग. तो सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही, आणि तो टाळला तर मी अजूनही बहिरीच टाळी देतेय असं होईल.

आमच्या टीमकडे एका सफाई कंपनीचं काम होतं. कुठल्या इमारतीत किती बायका, किती तास, याचं वेळापत्रक आपोआप काढून देणारं सॉफ्टवेअर. ती कंपनी आमचीही इमारत साफ करायची. डेमोची तारीख आली आणि तक्त्यात भरायला आकडे नव्हते. लीड माझ्या टेबलाशी आले.

“तू लवकर येतेस ना? त्या बायका काम करतात तेव्हा जरा वेळ टिपून घे. एका टॉयलेटला किती, बेसिनला किती. तू असलीस तरी कोणाचं लक्ष जात नाही.” त्यांना हे कौतुक वाटत होतं. “नुसता डमी डेटा गं. डेमोपुरता.”

मी तीन सकाळी चौथ्या मजल्यावर गेले. चौथ्याच, कारण बाकी मजल्यांवरच्या बायकांशी तेव्हा माझी ओळख नव्हती आणि अनोळखी बाईच्या कामाकडे टक लावून उभं राहायला मला लाज वाटत होती. ओळखीच्या बाईकडे बघताना वाटली नाही. मोबाइलचं घड्याळ लावलं, वहीत लिहायला लागले. तिने वही पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. असा उजळलेला मी तो कधी पाहिला नव्हता. काही विचारलं नाही. नुसती सुरू झाली. भांडं, कडा, जमीन, डबा, बेसिन, आणि शेवटी आरसा. कपडा एका हातातून दुसऱ्या हातात उडत होता. पाय बारा मात्रांत पडत होते, टॉयलेटचं झाकण बरोबर बाराव्या मात्रेवर खाली येत होतं. चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी चार मिनिटांना पाच सेकंद कमी. तिसऱ्या दिवशी तिने मला नळाच्या तोट्यांवर बोटांनी वाजवूनही दाखवलं, आणि तरीही चार.

हे सगळं ती मला दाखवत होती. तिला वाटलं, पोरगी शिकतेय, पावलं लिहून घेतेय. मी तिच्यासाठी प्रेक्षक होते.

डेस्कवर येऊन मी तक्त्याच्या पहिल्या ओळीत वहीतला कामांचा क्रम उतरवला आणि पुढे ४ लिहिलं. मग त्या चौकोनाचा खालचा कोपरा माउसने धरला आणि खाली ओढत नेला. इमारतीतली सगळी टॉयलेटं, सगळे मजले, एका हाताच्या हालचालीत चार चार चार चार. ओळींना फिका पिवळा रंग दिला, म्हणजे डेमोत छान दिसावं. अकरा वाजायच्या आत काम पुरं. लीडनी “ग्रेट जॉब” अशी मेल पाठवली.

मार्चमध्ये सफाई कंपनीने आपल्या बायकांसाठी कौतुकाचा दिवस साजरा केला. प्रत्येकीला एक कागद आणि एक लाल गुलाब दिला. गुलाब प्लॅस्टिकच्या वेष्टनात, त्यावर ‘धन्यवाद’. कागदावर नवे मिनिटांचे आकडे. पहिल्या तारखेपासून याच वेळात काम व्हायला हवं. ज्यांचं होणार नाही त्यांच्याशी बोलणी होतील.

त्या बुधवारी क्लास झाला नाही. हॉलमध्ये तिच्याशिवाय आमच्या इमारतीतल्या सफाईच्या चौदा बायका जमल्या होत्या. त्यात तिसऱ्या मजल्यावरची एक सुरिनामची हिंदुस्थानी बाई होती, साठीची. पणजोबा कधीकाळी बिहारहून त्या डच वसाहतीत मजूर म्हणून गेलेले, तिची हिंदी मला अर्धीमुर्धी कळायची. अलीकडे ओळख झाल्यापासून मला ती ‘बेटी’ म्हणायची आणि कॅन्टीनजवळ भेटली की पिशवीतून काहीतरी खायला काढायची. तिचे गुडघे गेलेले होते. वाकायचं तर एक हात भिंतीला लावून वाकायची. तिला एका टॉयलेटला नऊ मिनिटं लागत, आणि तिच्या मजल्यावरची टॉयलेटं त्या इमारतीत सगळ्यात स्वच्छ असत, हे कुणालाही विचारा. तिने कागद माझ्यापुढे धरला.

“बेटी, तू कॉम्प्युटरवाली. बघ गं, यात काही चूक आहे का. पहिल्या तारखेनंतर मला ठेवणार नाहीत.”

फिका पिवळा रंग. मी निवडलेला. मी म्हणाले, “बघते.”

नाचणारीने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि सगळ्यांसाठी मोठ्याने वाचला. “भांडं. कडा. जमीन. डबा. बेसिन.” मग थांबली. “आरसा.”

तिने कागद खाली घेतला.

“आरसा शेवटी मीच पुसते,” ती म्हणाली. “फक्त मी.”

खोलीत कुणाला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

“तू वहीत काय लिहीत होतीस?”

“पावलं,” मी म्हणाले.

मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडायला कधी कारण शोधत नसे. पण ती म्हणाली, “छान लिहिलीस,” आणि बाकीच्यांकडे वळली.

आमच्या पुण्याच्या घरी भांडीवाल्या बाई वेगळ्या आणि संडास-बाथरूमवाली वेगळी. भांडीवाल्या बाईंना आई चहा द्यायची, अहोजाहो करायची. दुसरी मागच्या जिन्याने यायची, तिला चहा नाही, ‘बाई’ही नाही. आमच्या घरात कुणीही वाईट नव्हतं. त्या रात्री मला झोप येईना ती या विचाराने की, मी चौथ्या मजल्यावर माहिती गोळा करायला गेले तेव्हा यातल्या एकाही बाईला ‘तुम्हाला किती वेळ लागतो’ असं विचारावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी लीडकडे गेले.

“सर, तो डेमोचा डेटा होता.”

“कुठला?”

“टॉयलेटची मिनिटं. क्लायंटने तोच लाइव्ह केलाय.”

“मग? त्यांना आवडला. साइन-ऑफ झालाय.”

“पण सर, तो एकाच बाईचा आहे. आणि ती... ती नॉर्मल नाहीये. म्हणजे डान्सर आहे.”

ते हसले. “हे असम्प्शन म्हणून डॉक्युमेंटमध्ये लिहिलं होतंस?”

“नाही. तुम्ही म्हणालात डमी...”

“लिहिलं नाहीस. मग झालं तर. हे बघ, आपण टूल दिलं. नंबर कुठले वापरायचे हा त्यांचा कॉल. तू कशाला मनाला लावून घेतेस?” मग आवाज आणखी मऊ करून म्हणाले, “तुझं परमिट रिन्यूअलला जायचंय ना पुढच्या महिन्यात? शांत राहा. छान चाललंय तुझं.”

मला ताप आला होता तेव्हा याच माणसाने बायकोकडून पोह्यांचा डबा करून आणला होता. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच त्या मऊ आवाजाची चीड जास्त आली. धमकी असती तर धमकी म्हणता आलं असतं. मी “ओके सर” म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

त्यानंतर दोन बुधवार गेले. मी दोन्ही वेळा क्लासला गेले. न जाणं म्हणजे कबूल करणं, असं मला वाटत होतं. बायका पिवळे हातमोजे घालून टाळीचा सराव करायच्या. मी त्यांच्यात बसायचे. ती मला हात दुरुस्त करायलाही येत नव्हती.

आणि मग ती सकाळ. पहिल्या तारखेला दोन दिवस होते.

दरवाजाच्या कडेला तिने स्वयंपाकघरात अंडी उकडायला लावतात तसलं एक छोटं घड्याळ ठेवलं होतं, चार मिनिटांवर लावलेलं. हातात लांब काठी, आणि काठीच्या टोकाला फडक्याऐवजी कंपनीने दिलेले, तिचा धरून पंधरा गुलाब दोरीने करकचून बांधलेले. त्या गुलाबांनी ती फरशी पुसत होती. जो गुलाब कुणी केसांत लावला तर ती माणसाला बाहेर काढायची, तसले पंधरा गुलाब ती संगमरवरावर घासत होती, आणि फरशीवर लाल-काळपट ओघळ उठत होते. पाय दरवाजावर, काठी फरशीवर. वाकणं, कडा, जमीन, डबा. सगळं होतं, जसंच्या तसं, फक्त भांडं आणि बेसिन नव्हतं. घड्याळ ट्रिंग झालं की ती असेल तिथे थांबायची. एकदा एक पाय हवेत होता तर तो तसाच हवेत. मग एक बाई पुढे येऊन घड्याळाची चावी फिरवायची आणि पुन्हा चार मिनिटं. चौथ्या मजल्यावर नऊ टॉयलेटं आहेत. तिने नऊ वेळा नाचायचं ठरवलं होतं.

सहाव्या वेळेला तिचा श्वास लांबपर्यंत ऐकू येत होता. एप्रनची पाठ काळी झाली होती. सातव्या वेळेला ट्रिंग झालं तेव्हा तिचं आवर्तन पुरं झालेलं नव्हतं. ती, जी माझ्यासमोर चार मिनिटांना पाच सेकंद कमी घ्यायची, तिचं पुरं होत नव्हतं. तेव्हा तिथल्या हसणाऱ्यांपैकी बरेच गप्प झाले. आमचे लीड झाले नाहीत. ‘संडास धुणारी बाई’ ते तेव्हाच म्हणाले.

सफाई कंपनीचा व्यवस्थापक लिफ्टमधून उतरला. उंच, नीट विंचरलेला, सभ्य माणूस. त्याने तिला थांबवलं नाही, ट्रिंग होईपर्यंत वाट पाहिली. मग तो तिच्याशी नाही, आमच्याशी बोलला, इंग्रजीत, म्हणजे सगळ्यांना कळावं.

“या बायकांच्या भावनांचा आम्हाला आदर आहे,” तो म्हणाला. “पण हे आकडे आम्ही मनाने काढलेले नाहीत. ते मोजलेले आहेत. याच इमारतीत, प्रत्यक्ष काम चालू असताना, तज्ज्ञांनी मोजलेले आहेत.”

सुरिनामच्या बाईने एक हात भिंतीला लावला होता. दुसऱ्या हातातला रबरी मोजा अर्धा निघून लोंबत होता. व्यवस्थापक ज्या कामाबद्दल बोलत होता ते काम करणारी बाई दरवाजावर उभी होती, नऊच्या आकड्यावर, काठीला टेकून. तिने मान वर केली असती आणि बोट दाखवलं असतं तर मी तिथेच संपले असते. सगळं तिला माहीत होतं. दोन आठवडे माहीत होतं. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती खाली वाकली आणि घड्याळाची चावी स्वतःच फिरवायला लागली, आठव्यासाठी.

“बघितलंस?” मागे लीड त्या सहकाऱ्याला मराठीत म्हणाले. “तज्ज्ञ म्हणे.” आणि दोघं हसले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तज्ज्ञ कोण, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना गंमत वाटत होती.

मी एकदा टाळी वाजवली. उघडी. ती इतकी मोठी वाजली की मीच दचकले. सगळे वळले, व्यवस्थापक वळला, तिचा हात घड्याळावर थांबला. माझा आवाज पहिल्या दोन शब्दांना फाटला, मग लागला.

“ती मिनिटं मी मोजली,” मी म्हणाले. “एकाच बाईची, तीन सकाळी, आणि बाकीच्या सगळ्यांच्या नावावर मीच ओढली. ती तेव्हा संडास धूत नव्हती. नाचत होती. मला दाखवायला.”